विश्लेषण : कंपनीने गावात शाळा बांधली म्हणून शेअर वाढतो का?

खोपोली, रसायनी आणि कर्जत परिसरातील कंपन्यांनी शेअर बाजारात मोठे चढ-उतार पाहिले आहेत. त्यात कर्जाचा वाटा किती, मालकी बदलाचा किती आणि सामाजिक जबाबदारीचा किती?

कंपनीने आदिवासी वाडीवर पाण्याची टाकी बांधल्याची बातमी आणि त्याच कंपनीचा शेअर वधारल्याची बातमी अनेकदा मोबाइलवर एकाच दिवशी येते. साहजिकच दोहोंचा संबंध जोडला जातो. ‘चांगली कंपनी आहे, समाजासाठी खर्च करते, शेअर घेऊन ठेवायला हरकत नाही,’ असा सल्ला गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास दिसतो. डिमॅट खाते घरबसल्या उघडता येऊ लागल्यापासून असे सल्ले ऐकून पैसे गुंतवणारेही वाढले आहेत. पण बाजाराचा अनुभव आणि झालेला अभ्यास वेगळेच चित्र दाखवतात. त्यासाठी दूर जायची गरज नाही, कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पुरेसे आहेत.

कर्जत-खालापूरचा शेअर बाजाराशी काय संबंध?

संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. तिच्यासाठी भारतीय भांडवलदार आणि संस्थानिकांकडून पैसा उभा राहिला. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून खोपोलीत वीजनिर्मिती सुरू झाली ती १९१५ मध्ये. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. आजच्या टाटा पॉवर या सूचीबद्ध कंपनीची ही मुळे आहेत.

स्वातंत्र्यानंतर खालापूरच्या पट्ट्यात कारखानदारी वाढली. रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स (एचओसी) ही सरकारी कंपनी आली. खोपोलीत १९६२ मध्ये महिंद्रा युजीन स्टील सुरू झाली. १९८२ मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर उत्तम गाल्वा स्टील्स आणि अगदी अलीकडे, २०१३ मध्ये, इमॅजिका थीम पार्क. यातील प्रत्येक नाव कधी ना कधी शेअर बाजाराच्या फलकावर झळकले आहे. काही आजही आहेत, काही दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, तर काही फलकावरून पुसली गेली.

मोठ्या घडामोडींनी भाव का हलतो?

शेअरचा भाव म्हणजे कंपनी पुढच्या काळात किती कमावेल, याविषयी बाजाराने बांधलेला अंदाज. अंदाज बदलायला भाग पाडणारी बातमी आली की भाव हलतो. कारखान्याचा विस्तार, विलीनीकरण, प्रवर्तक बदलणे, कर्जाचा हप्ता थकणे, अपघात, न्यायालयाचा निकाल ही अशा घडामोडींची उदाहरणे. बातमी आधीच अपेक्षित असेल तर ती जाहीर झाल्यावर फारसे काही घडत नाही. नफा वाढूनही शेअर पडतो, तेव्हा बहुतेक वेळा बाजाराने त्याहून जास्त नफा गृहीत धरलेला असतो.

एखाद्या घडामोडीचा परिणाम मोजण्याची पद्धत अर्थशास्त्रात १९६० च्या दशकाअखेर रूढ झाली. तिचे तत्त्व सोपे आहे. समजा, एखाद्या दिवशी कंपनीचा शेअर ५ टक्के पडला आणि त्याच दिवशी निफ्टीही २ टक्के पडला. शेअर साधारण निफ्टीच्याच गतीने हलणारा असेल, तर २ टक्के घसरण सगळ्या बाजाराची आणि उरलेली ३ टक्के त्या कंपनीच्या बातमीची. ही वजाबाकी न करता ‘बातमी आली आणि शेअर पडला’ असे म्हणणे अर्धवट ठरते.

धक्का किती मोठा यापेक्षा तो किती काळ टिकणार, यालाही महत्त्व असते. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगा नदीला आलेल्या पुराने रिलायन्सचा कारखाना पाण्याखाली गेला होता. यंत्रांमध्ये चिखल भरला. मात्र काही आठवड्यांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले. कारखाना काही आठवडे बंद राहणे हे एका तिमाहीचे नुकसान असते. कर्जाच्या ओझ्याने कंपनी हातची जाणे हे कायमचे.

इमॅजिकाच्या शेअरचे काय झाले?

खालापूर तालुक्यातील सांगडेवाडीचे इमॅजिका हे याचे ठळक उदाहरण. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्स एंटरटेनमेंटने हे पार्क उभारले आणि २०१५ मध्ये कंपनी शेअर विक्रीसाठी बाजारात आली. सुरुवातीला ठेवलेला २२१ ते २३० रुपयांचा किंमतपट्टा प्रतिसादाअभावी खाली आणावा लागला आणि अखेर १८० रुपयांना शेअर दिले गेले. उभारलेल्या रकमेचा मोठा भाग कर्ज फेडण्यासाठीच होता.

पार्कचा व्यवसाय भांडवल खाणारा आहे. राइड्स, जमीन, हॉटेल यांवर आधी पैसा ओतावा लागतो आणि तिकिटांतून तो हळूहळू सुटतो. अपेक्षेइतके पर्यटक आले नाहीत, तरी व्याज थांबत नाही. कर्ज हजार कोटींच्या घरात असलेल्या या कंपनीचे हप्ते थकले. त्यातच मार्च २०२० मध्ये करोनामुळे पार्कला टाळे लागले आणि शेअर एक आकडी भावावर आला. १८० रुपयांना शेअर घेतलेल्या गुंतवणूकदाराची जवळपास सगळी रक्कम पाच वर्षांत कागदावर बुडाली होती.

जून २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा घेऊन कंपनी ताब्यात घेतली. बँकांशी तडजोड झाली आणि कर्जाचे ओझे उतरले. लोणावळ्याजवळ वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव नव्या प्रवर्तकांकडे होता. त्यानंतर शेअर शंभरीच्या आसपास जाऊन आला.

या प्रवासात एक बाब नजरेआड होते. नव्या प्रवर्तकांना आणि कर्जदात्यांना शेअर दिल्यामुळे कंपनीच्या एकूण शेअरची संख्या काही पटींनी वाढली. म्हणजे जुन्या भागधारकाचा कंपनीतील वाटा आकसला. भाव पुन्हा शंभर झाला म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असे नाही. तसेच बँकांनी सोडून दिलेले कर्ज हिशेबात त्या वर्षीचा मोठा नफा म्हणून दिसते. असा नफा एकदाच येतो. तो तिकीट विक्रीचा नफा समजून शेअर घेणारा फसतो.

उत्तम गाल्वाचा धडा कोणता?

खोपोली-पेण रस्त्यावरील उत्तम गाल्वा स्टील्सची कथा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जगातील आघाडीची पोलाद कंपनी आर्सेलरमित्तल २००९ पासून उत्तम गाल्वात सहप्रवर्तक होती. तिच्याकडे सुमारे २९ टक्के हिस्सा होता. बड्या परदेशी भागीदाराचे नाव जोडले गेले की कंपनी भक्कम, असे सामान्य गुंतवणूकदाराला वाटते. उत्तम गाल्वाचे कर्ज मात्र थकत गेले.

२०१८ मध्ये आर्सेलरमित्तलला गुजरातमधील हजिरा येथील एस्सार स्टील विकत घ्यायची होती. दिवाळखोरी संहितेच्या कलम २९अ नुसार थकबाकीदार कंपनीच्या प्रवर्तकाला अशी बोली लावता येत नाही. खोपोलीतील भागीदारी हजिऱ्याच्या वाटेत आडवी आली. आर्सेलरमित्तलने आपला हिस्सा विकून टाकला, पण तेवढ्याने भागले नाही. ४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत आधीची थकबाकी भरण्याची संधी दिली. त्यानुसार उत्तम गाल्वा आणि केएसएस पेट्रॉन या दोन कंपन्यांच्या कर्जदात्यांना ७,४६९ कोटी रुपये चुकते करण्यात आले.

एवढे होऊनही उत्तम गाल्वा २०२० मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये ती आर्सेलरमित्तलच्याच समूहातील कंपनीकडे आली. आज कारखाना एएमएनएस खोपोली या नावाने चालतो, पण शेअर बाजारात तिची नोंद नाही. दिवाळखोरी प्रक्रियेत पैसे मिळण्याच्या रांगेत बँका आधी असतात, कामगारांची देणी आणि इतर धनको त्यांच्या बरोबरीने किंवा मागोमाग, आणि भागधारक सगळ्यात शेवटी. कारखान्याचे धुराडे सुरू राहते, पण जुना शेअर कोरा कागद होतो, असे या प्रक्रियेत अनेकदा घडते.

एकच निर्णय, दोन हिशेब कसे?

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचओसीच्या पुनर्रचनेला मंजुरी दिली. रसायनीतील तोट्याचे विभाग बंद करायचे, कोची येथील कारखाना चालू ठेवायचा, रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे रसायन तयार करणारा रसायनीचा विभाग इस्रोकडे द्यायचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची, असा तो निर्णय होता. पुनर्रचनेचा आर्थिक भार १,००८.६७ कोटी रुपये होता.

भागधारकाच्या दृष्टीने पाहिले तर तोटा थांबला, देणी भागवण्याची सोय झाली. रसायनी-मोहोपाड्याच्या दृष्टीने पाहिले तर ज्या कारखान्याभोवती वसाहत, बाजारपेठ वाढली तोच बंद झाला. शेअरचा भाव पहिला हिशेब मोजतो. दुसरा हिशेब मोजणारा कोणताही निर्देशांक दलाल स्ट्रीटवर नाही. त्यामुळे ‘शेअर वाढला म्हणजे कंपनीने परिसराचे भले केले’ हे अनुमान जितके चूक, तितकेच ‘परिसराचे भले केले म्हणून शेअर वाढेल’ हेही चूक.

सीएसआरचा कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, नियम लागू होतो. मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम ठरलेल्या कामांवर खर्च करावी लागते. कायदा १ एप्रिल २०१४ पासून अमलात आला. तो सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांनाही लागू आहे.

सुरुवातीला खर्च न केल्याचे कारण अहवालात लिहिले की भागत असे. जानेवारी २०२१ पासून ती पळवाट बंद झाली. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरावी लागते, अन्यथा ती सरकारी निधीत जाते. नियम मोडल्यास दंड आहे. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च किंवा राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात धरली जात नाही.

मग या खर्चाने शेअर वाढतो का?

आकडेमोड करून पाहू. कंपनीचा करपूर्व नफा १०० कोटी आहे, कर साधारण २५ कोटी, हाती उरले ७५ कोटी. सीएसआरचे २ कोटी करासाठी व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाहीत. म्हणजे उरले ७३ कोटी. भागधारकाच्या वाट्याचा नफा सुमारे २.७ टक्क्यांनी कमी झाला. कायदा आहे तोवर तो दरवर्षी होणार आहे आणि बाजाराने तो आधीच धरलेला असतो. म्हणून शाळेच्या किंवा टाकीच्या उद्घाटनाच्या दिवशी भाव हलायचे कारणच उरत नाही.

कायदा आला तेव्हा मात्र बाजाराने दखल घेतली होती. हरिप्रसाद मंचिराजू आणि शिवाराम राजगोपाल या अभ्यासकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, सीएसआरच्या सक्तीमुळे नियम लागू होणाऱ्या कंपन्यांच्या शेअर भावात सरासरी ४.१ टक्के घट झाली. ज्या कंपन्या जाहिरातीवर जास्त खर्च करतात, त्यांना मात्र हा फटका बसला नाही. ग्राहकाच्या मनातील प्रतिमेवर धंदा चालणाऱ्या कंपनीला चांगल्या नावाचा उपयोग होतो. दुसऱ्या कारखान्याला पत्रे किंवा रसायन विकणाऱ्या कंपनीला तो तेवढा होत नाही. खालापूरच्या पट्ट्यातील बहुतेक उद्योग दुसऱ्या प्रकारचे आहेत.

म्हणजे जबाबदारीचा भावाशी संबंधच नाही?

आहे, पण तो उलट्या बाजूने दिसतो. फिलिप क्रुगर यांच्या २०१५ मधील अभ्यासात अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत असे आढळले, की बेजबाबदारपणाच्या बातमीवर गुंतवणूकदार जोरदार नकारात्मक प्रतिक्रिया देतात. चांगल्या कामाच्या बातमीवर मात्र उत्साह तर सोडाच, किंचित नाराजीच दिसते.

उदाहरणे आपल्या आठवणीतली आहेत. धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याचे उघड झाल्यावर २१ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनचा शेअर एका दिवसात सुमारे एक-पंचमांशाने कोसळला. ‘सत्यम’च्या खोट्या हिशेबांची कबुली ७ जानेवारी २००९ रोजी आली आणि शेअरचे तीन-चतुर्थांशांहून अधिक मूल्य त्याच दिवशी गेले.

कारण सरळ आहे. दंड, खटले, परवाने रद्द होणे, ग्राहक तुटणे, कर्ज महाग होणे या सगळ्यांचे पैशांत रूपांतर होते. सांडपाण्याची प्रक्रिया नीट करणे, बॉयलरची तपासणी वेळेवर करणे, कंत्राटी कामगाराला सुरक्षा साधने देणे, ही खरी जबाबदारी सीएसआरच्या दोन टक्क्यांत मोडतच नाही. ती नफा मोजण्याच्या आधीची आहे. नदीत रसायन सोडून काठावर बाग फुलवणारी कंपनी अहवालात चांगली दिसेल, पण जोखीम नदीतच असते.

इथे एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. बाजाराची शिक्षा फक्त सूचीबद्ध कंपनीला मिळते. परिसरातील अनेक लहान रासायनिक कारखाने सूचीबद्ध नाहीत. त्यांच्या बाबतीत प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला पर्याय नाही.

कर्जत-खालापूरच्या वाट्याला काय येते?

कायदा म्हणतो, कंपनीने आपण काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे. पण नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, कारखाना खोपोलीत आणि प्रकल्प तिसऱ्याच राज्यात, असे झाल्यास ‘स्थानिक’ कोणते हे कोण ठरवणार? केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर आकडे जिल्ह्यापर्यंत मिळतात. रायगडच्या आकड्यात डोलवी, थळ, नागोठणे, पाताळगंगा सगळे एकत्र येते. कारखाने कमी आणि ठाकर-कातकरी वाड्या जास्त असलेल्या कर्जतला त्यातले किती मिळाले, हे त्यातून कळत नाही.

गरज कमी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. आपत्ती निवारण आणि पुनर्वसन हे सीएसआरच्या यादीतले काम आहे. प्रत्यक्षात चौकजवळ दरडग्रस्तांसाठी ४४ घरांची वसाहत बांधली ती सिडको या सरकारी महामंडळाने. दरडीच्या धोक्यातील इतर वाड्यांसाठी दरड कोसळण्याची वाट न पाहता काम करता येईल, असा निधी या पट्ट्यातील उद्योगांकडे दरवर्षी तयार होतो.

पण तो नफ्याला बांधलेला आहे, हीच मोठी अडचण. सलग तोट्यात असलेल्या कंपनीचे दोन टक्के म्हणजे शून्य. कंपनी कर्जात बुडते तेव्हा परिसरातला रोजगार, दुकानदाराची उधारी आणि सीएसआरची रक्कम तिन्ही एकदम आटतात. त्यामुळे कंपनीचा ताळेबंद हा फक्त गुंतवणूकदाराचा विषय राहत नाही. तो गावाचाही असतो.

गुंतवणूकदाराने काय तपासावे?

• कर्ज आणि व्याज : नफ्यातून व्याज सहज सुटते का, हे आधी पाहावे. इमॅजिका आणि उत्तम गाल्वा दोन्हीकडे पहिला इशारा इथेच होता.

• प्रवर्तकांचे गहाण शेअर : ही माहिती दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

• शेअरची एकूण संख्या : भाव वाढला तरी आपला वाटा घटला का, ते त्यावरून कळते.

• एकवेळचा नफा : जमीन विक्री किंवा कर्जमाफीतून आलेली रक्कम वगळून नफा पाहावा.

• घडामोडींचे निवेदन : महत्त्वाची घटना ठरलेल्या तासांत बाजाराला कळवणे सेबीने बंधनकारक केले आहे. कारखान्यात अपघात झाला आणि निवेदन उशिरा आले, तर ती स्वतंत्र धोक्याची खूण.

• जबाबदारी अहवाल : बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात छायाचित्रांपेक्षा अपघात, पाणीवापर, कचरा आणि तक्रारींचे आकडे वाचावेत.

पुढे काय व्हायला हवे?

सीएसआर शेअरचा भाव वाढवत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो भागधारकासाठी केलेलाच नाही. म्हणूनच त्याचे मोजमापही भागधारकाच्या सभेत न होता ज्या वाडीसाठी खर्च झाला तिथे व्हायला हवे. त्यासाठी दोन साधे बदल पुरेसे आहेत. पोर्टलवरील नोंद जिल्ह्यावर न थांबवता तालुका आणि गावापर्यंत न्यावी. आणि कारखाना ज्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या हद्दीत आहे, तिथे वर्षातून एकदा कंपनीने मराठीत हिशेब मांडावा. दोन टक्क्यांपैकी किती रक्कम इथे आली आणि कारखान्यातून किती सांडपाणी बाहेर गेले, दोन्ही एकाच कागदावर.

मंजूर प्रकल्पांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर टाकणे आजही बंधनकारक आहे. त्यामुळे ग्रामसभेला कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. यादी मोबाइलवर उघडायची, त्यात आपल्या गावाचे नाव शोधायचे आणि ते असेल तर काम जागेवर आहे का, हे पाहून यायचे.